दोन इंचांत पक्षी मावेल का?

ताई,
मी सव्वीस वर्षांची, मूळची वाळपईची, नोकरीसाठी पणजीत राहते. हातावर फाइन लाइन, म्हणजे अगदी बारीक रेघांचा टॅटू काढायचं बरेच दिवस मनात आहे. पक्षी आणि फूल. मोबाइलमध्ये ढीगभर चित्रं साठवलीत. त्यातलं आवडलेलं असं: चेरी ब्लॉसमच्या डहाळीपाशी उडणारा हमिंगबर्ड. त्याच्याखाली अबोलीचा गजरा (हा माझा हट्ट) आणि बारीक अक्षरांत बहिणीचं नाव. कळंगुटला एका स्टुडिओत विचारलं, तर म्हणाले मनगटाच्या आतल्या बाजूला दोन इंचांत सगळं बसवून देऊ. पण ऑफिसातल्या मैत्रिणीने असाच काढला होता, तो आता इतका धुरकट झालाय की फूल कुठे संपतं आणि पक्षी कुठे सुरू होतो ते कळत नाही. आई म्हणते, गोंदायचंच तर आजीच्या हातावर होती तशी तुळस गोंद. मार्चमध्ये वाढदिवस आहे, तेव्हाच काढायचा विचार आहे. डिझाइन कसं ठरवू?
– गोंधळलेली वाचक

बाय,

दोन इंचांत पक्षी मावतो. पक्षी, डहाळी, गजरा आणि नाव एवढं बिऱ्हाड मावत नाही. स्टुडिओवाले खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. ते बसवून देतील, आणि त्या दिवशीच्या फोटोत ते सुंदरही दिसेल. मैत्रिणीचाही तसा दिसला असेल. नंतर जे होतं ते मात्र तुझ्या कातडीत होतं, म्हणून आधी ते समजून घे.

शाई बसते ती कातडीच्या वरच्या थरात नाही. तो थर सतत झडत असतो, शाई तिथे राहिली तर काही आठवड्यांत निघून जाईल. ती बसते त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. शरीराच्या दृष्टीने ती उपरी वस्तू. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून बसतात, त्या मेल्या की सुटलेले कण आजूबाजूच्या नव्या पेशी उचलतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. टॅटू टिकतो तो या देवघेवीमुळे, आणि वर्षांगणिक रेघ थोडी रुंद, थोडी मऊ होते त्यातही हिचा हात आहे. सुई जास्त खोल गेली तर पसरण्यासाठी वर्षंही लागत नाहीत, रेघेच्या कडेने निळसर सावली लगेच उमटते. म्हणजे फाइन लाइन ही कायम फाइन राहणारी गोष्ट नाही. आज रेघ अमुक जाडीची आहे, पुढे ती याहून जाड होणार, हे धरूनच चित्र काढायचं असतं.

आता आजीचा हात आठव. तिचं गोंदण निळं-हिरवं पडलं असेल, कडा विरल्या असतील, तरी ती तुळसच आहे हे अजून तुला कळतं ना? गोंदणाऱ्या बायका फार थोडं काढायच्या. चार ठिपके, दोन रेघा, मधे मोकळी कातडी. रेघ पसरली तरी शेजारच्या रेघेपर्यंत पोचत नाही. आजच्या फाइन लाइनवाल्यांनी शिकावं असं त्या हातावर बरंच काही आहे. आईचा मुद्दा तुळशीचा असेल, पण त्यातला हा भाग मला पूर्ण पटतो.

यावरून एक चाचणी सांगते. घरी करता येईल. तुझं चित्र खऱ्या मापात, म्हणजे हातावर जेवढं हवं तेवढंच, कागदावर बारीक जेल पेनने काढ. मग त्यावर बटर पेपर ठेवून तेच चित्र दुपटीने जाड रेघेच्या पेनने गिरव. पहिला कागद आजचा हात, दुसरा कागद काही वर्षांनंतरचा. दुसऱ्या कागदावर पाकळ्या चिकटल्या, डोळा बुजला, पाय आणि फांदी एक झाली, तर रेघा कमी कर किंवा माप वाढव. तिसरा मार्ग नाही. मी दोन रेघांमध्ये निदान दोन मिलिमीटर मोकळी जागा धरते. तुझ्या हमिंगबर्डच्या पंखात पिसांच्या दहा-बारा रेघा असतील. दोन इंचांच्या चित्रात तो पंख दुसऱ्या कागदावर काळा डाग होईल.

तर आता हमिंगबर्ड. तो गोव्यात नाही. भारतातच नाही. जिवंत हमिंगबर्ड सगळे अमेरिका खंडांत. चेरी ब्लॉसम म्हटलं की लोकांना जपान आठवतो. त्या चित्रातला पक्षी एका खंडातला, फूल दुसऱ्या, आणि खाली आपली अबोली. कोणी म्हणेल, टॅटू आहे, भूगोलाचा पेपर नव्हे. खरं आहे. पण तुला पक्षी आणि फूल एकत्र हवेत, तर त्यांचं एकमेकांशी काही नातं असावं असं मला वाटतं. नातं असलं की पक्ष्याची बसण्याची ढब, मानेचा कल, फांदीची जाडी हे सगळं आपोआप ठरतं. नसलं की दोन स्टिकर शेजारी चिकटवल्यासारखे दिसतात.

चोच फुलात खुपसलेला पक्षीच हवा असेल तर आपला शिंजीर आहे. हमिंगबर्ड म्हणून लोक त्याचेच फोटो पाठवतात, पण तो अधांतरी फार कमी राहतो, बहुतेक वेळा देठाला किंवा डहाळीला धरून मध पितो. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाला तर बुडाशी भोक पाडून मध चोरतो. हे चित्र मला आवडेल: जास्वंदीचं एक फूल, बाहेर आलेली केसरांची दांडी, तिच्यावर ठिपके, आणि पाठीमागून चोरी करणारा शिंजीर. अडचण एवढीच की शिंजिराची सगळी ऐट रंगात. काळ्या रेघेत उरते ती बाकदार चोच आणि छोटं अंग. ओळखू येतो, पण जेमतेम.

फाइन लाइनसाठी पक्षी निवडताना रंग विसरायचा आणि बाह्याकृती बघायची. कागदावर पक्ष्याचा नुसता काळा ठसा काढ आणि घरी कोणाला तरी विचार, हा कोण? शिपाई बुलबुल तुऱ्यावरून ओळखला जातो. गोव्याचा राज्यपक्षी असलेल्या बुलबुलाला तुरा नाही, त्याची ओळख गळ्यावरच्या तांबड्या रंगात आहे. रेघेत तो बिचारा कोणीही होतो. तू वाळपईची, म्हणजे सत्तरी तालुक्यातली, म्हणून धनेश सुचला होता. आकृती म्हणून त्याला तोड नाही. पण तो वडा-उंबराच्या फळांवर जगतो, फुलाशी त्याची सोयरीक जमवावी लागेल, आणि ती चोच मनगटावर जडच.

माझं मत दयाळाला. वर उचललेली शेपटी, ताठ मान, बारीक पाय, एवढ्यावरच तो दयाळ असतो. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्षी केलं, आपण त्याला कुंपणावर बघून पुढे जातो. तो कीटक खाणारा, त्यामुळे फुलात चोच घालायची गरज नाही, नुसता बसला तरी खरा. आणि त्याला बसव पांढऱ्या चाफ्याच्या फांदीवर. उन्हाळ्याच्या तोंडाला चाफ्याची पानं झडलेली असतात, उघड्या फांदीच्या टोकाला फुलं येऊ लागतात, आणि याच दिवसांत दयाळाचा नर पहाटेपासून गायला लागतो. तुझा वाढदिवस मार्चमधला. आपल्याकडच्या देवळांच्या आवारांत हे दृश्य त्या महिन्यात शोधावं लागत नाही.

चाफा फाइन लाइनसाठी का चांगला? पानं नाहीत, म्हणून गर्दी नाही. फांदी बोटाएवढी जाड, म्हणजे चित्रात दोन समांतर रेघा आणि त्यांच्यात भरपूर जागा. झडलेल्या पानांच्या खुणा फांदीवर राहतात, त्या अधूनमधून तीन-चार अर्धवर्तुळांनी दाखवल्या की पुरे, छटा देण्याचं कामच नको. फुलाला पाच पाकळ्या, सगळ्या एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या. यात मात्र डोळ्यात तेल घालून बघ. एक पाकळी उलट्या बाजूने चढवली की फूल खोटं दिसतं, आणि नेटवरच्या निम्म्या चित्रांत ते तसं असतं. शेजारी एक कळी हवीच, मिटलेल्या छत्रीसारखा पीळ घातलेली. दोन तिरप्या रेघांत ती होते.

मापं खऱ्यावरून घे. दयाळ चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण 19 सेंटिमीटर, चाफ्याचं फूल 6 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे फूल पक्ष्याच्या एक तृतीयांश. हातावर पक्षी साडेचार सेंटिमीटरचा काढलास तर फूल दीड सेंटिमीटर, फांदीची जाडी चार-पाच मिलिमीटर. फूल आणि कळी मिळून सगळं चित्र नऊ-दहा सेंटिमीटर उंचीचं होईल. दोन इंचांच्या जवळपास दुप्पट. घाबरू नकोस, एवढ्या मापात इतक्या थोड्या रेघा असल्या की ते मोठं वाटत नाही, हलकंच वाटतं. नाजूकपणा रेघांच्या मोकळेपणातून येतो, चित्र चिमुकलं करून येत नाही.

दयाळाच्या काळ्या रंगाचं काय, हे तू विचारशीलच. नराचं डोकं, छाती, पाठ काळीभोर, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. एवढं काळं भरलं तर ते फाइन लाइन राहत नाही. म्हणून मादी काढ. नर जिथे काळा तिथे ती राखाडी. तो राखाडीपणा सुट्या ठिपक्यांनी दाखवता येतो. मानेपाशी दाट, छातीकडे विरळ, पोट रिकामं. पंखावरचा पट्टा नुसता मोकळा सोडायचा. गडद जागा दोनच: डोळा आणि शेपटीची वरची कड. डोळ्यात चमकेचा ठिपका सोडायचा मोह होतो. या मापात तो बुजतो, सोडू नकोस. मादी गाते का, असं कोणी पंडित विचारेल. कधीकधी तीही गाते.

पायांकडे लक्ष दे. टॅटूतल्या पक्ष्यांचे पाय बघून मला नेहमी वाईट वाटतं, काड्या खोचल्यासारखे असतात. दयाळाला तीन बोटं पुढे, एक मागे. फांदीवर बसल्यावर समोरून तीन बोटं फांदीला वेढलेली दिसतात, मागचं दिसत नाही. तीन छोट्या वक्र रेघा, बस. त्या फांदीच्या वरच्या रेघेला कापून जायला हव्यात, नाहीतर पक्षी फांदीच्या मागे तरंगतो. फोटो हवा असेल तर पणजीत कुठल्याही बागेत सकाळी लवकर जा. स्वतः काढलेला धूसर फोटोसुद्धा दुसऱ्या कोणाच्या अंगावरचा टॅटू दाखवून ‘हाच काढा’ म्हणण्यापेक्षा बरा. चांगला कलाकार दुसऱ्याचा टॅटू जशाचा तसा उतरवत नाही. फोटो दिलेस तर त्याला काम करायला आनंद वाटतो.

अबोलीचा तुझा हट्ट मला समजतो. केसांत अबोलीची फाती माळलेली बाई हे आपल्याकडचं सणाचं चित्र. पण अबोली म्हणजे तो रंग, आणि गजऱ्यात फुलं एकमेकांवर रचलेली असतात. काळ्या रेघेत गजरा म्हणजे गुंता. रंगीत शाई वापरायची तर आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर फिके रंग कागदावरच्यासारखे उमटत नाहीत. कातडीचा रंग वरून गाळणीचं काम करतो, आणि फिके केशरी-पिवळे लवकर विटतात. पांढरी शाई तर दिसेनाशीच होते. अबोली काढायचीच असेल तर पुढे कधीतरी वेगळी काढ. गजरा नको, झाडावरचं हिरवं कणीस आणि त्यातून एका बाजूला पंख्यासारखी उघडलेली दोन फुलं. ते रेघेत छान उतरेल. या चित्रात मात्र नको.

बहिणीचं नावही नको, निदान एवढ्या बारीक अक्षरांत नको. देवनागरीत पोकळ्या फार. ‘ब’च्या पोटातला तिरका दांडा बुजला की ‘व’ होतो, ‘ष’चा ‘प’. अनुस्वार शिरोरेघेला जाऊन चिकटतो. अक्षर निदान एक सेंटिमीटर उंच असेल तरच नाव काढ, आणि मग ते चित्राच्या बाजूची ओळ राहत नाही, स्वतःच चित्र होतं. बहीण हवी असेल तर फांदीवर एकाऐवजी दोन फुलं ठेव. तिला सांगितलंस की तिला कळेल.

आता जागा. मनगटाची आतली बाजू मी टाळीन. तिथे कातडी सतत वळते, घड्याळ घासतं, चतुर्थीला आणि लग्नकार्यात भरल्या बांगड्या घासतात. कोपरापासून चार बोटं खाली, हाताच्या आतल्या बाजूला जागा उत्तम. स्कूटर चालवताना ऊन हाताच्या वरच्या बाजूला लागतं, आतली बाजू सावलीत राहते. गोव्यात राहून दुचाकी चालवणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही, कारण ऊन रेघेचा शत्रू. हात खाली सोडला की पक्षी सरळ दिसला पाहिजे, डोकं कोपराकडे, चोच शरीराच्या दिशेने. तुला स्वतःला तो उलटा दिसेल, आणि बहुतेक जणी आपल्याला सरळ दिसावा म्हणून हटून बसतात. तुझा हात आहे, पण तसं केलंस तर समोरच्याला कायम उलटा टांगलेला दयाळ दिसणार, एवढं लक्षात ठेव.

आणखी एक. तळवा फिरवला की या भागाची कातडी पिळवटते आणि सरळ रेघ वाकडी होते. म्हणून स्टेन्सिल (गोंदण्याआधी कातडीवर उतरवायचा चित्राचा छाप) उमटवताना खुर्चीत हात पसरून नाही, उभं राहून, हात सैल सोडून उमटवून घे. मग तळवा पुढे-मागे करून आरशात बघ. फांदी थोडी वाकडीच काढलेली असली तर हा पीळ खपून जातो, हा चाफ्याचा आणखी एक फायदा. पटलं नाही तर स्टेन्सिल पुसून पुन्हा लावायला सांग. त्यात संकोच कसला? कुरकुर करणाऱ्याकडून उठून यायला अजून वेळ असतो.

मार्चबद्दल. वाढदिवसाची हौस समजते, पण मार्चात शिगमो आहे, गुलाल आहे, आणि उकाड्याने घामाच्या धारा. ताज्या टॅटूला यातलं काहीच चालत नाही. वरची जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर समुद्र नाही, तलाव नाही, वाळपईला गेलीस तरी नदीत उतरणं नाही. ऊन लागू द्यायचं नाही, खपली खाजवायची नाही. सनस्क्रीन पूर्ण भरल्यावरच, आणि नंतर मात्र नेहमी. त्यापेक्षा जानेवारीत काढ. हवा कोरडी, घाम कमी. बारीक रेघ कुठेतरी तुटकी बसतेच, चार-सहा आठवड्यांनी टच-अप करून घ्यावा लागतो. तेही मार्चच्या आधी होऊन जाईल आणि वाढदिवसाला हात तयार असेल.

त्याआधी चित्र अंगावर वागवून बघायचं असेल तर साध्या पेनने काढ किंवा छापलेला तात्पुरता कागदी टॅटू लाव. किनाऱ्यावर ‘काळी मेंदी’ घेऊन फिरणाऱ्यांकडून काढून घेऊ नकोस. मेंदी काळी नसते. त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन घालतात, त्याने कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरू शकते, आणि एकदा वावडं जडलं की आयुष्यभर राहू शकतं.

स्टुडिओ निवडताना ताज्या कामाचे फोटो बघू नकोस, ताजं सगळंच रेखीव असतं. वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या, भरून आलेल्या कामाचे फोटो माग, तेही आपल्यासारख्या कातडीवरचे. सुई कोणती वापरणार ते विचार. एकच सुई फार नाजूक दिसते पण हात जरा हलला की लगेच कळतं, म्हणून या चित्राच्या बाह्यरेघेला थ्री राउंड लायनर (तीन सुयांचा गोल जुडगा) आणि ठिपक्यांना एक सुई असं मी सुचवीन. यावर त्याचं काही वेगळं म्हणणं असेल तर ऐकून घे, सुई त्याच्या हातात असणार आहे. सीलबंद सुई तुझ्यासमोर फोडली पाहिजे, शाई नव्या टोपणात ओतली पाहिजे. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, इथे भिडस्तपणा नको. तू रक्तदान करत असशील तर टॅटूच्या आधी करून घे, नंतर वर्षभर घेत नाहीत.

आईला हे पत्र नको, दुसरा कागद दाखव, जाड पेनचा. तुळस तिला हवी आहे ती बहुधा आजीसाठी. ती या चित्रात कोंबू नकोस. पण आजीच्या तुळशीची नक्कल कुठे उरली असेल, जुन्या फोटोत किंवा आईच्या आठवणीत, तर ती आईकडून कागदावर काढून घे. पुढेमागे तुलाच लागेल.

चित्र मला पाठवणार असशील तर दोन्ही कागद एकत्र पाठव. फोटो दिवसाउजेडी घे आणि शेजारी मोजपट्टी ठेव, म्हणजे मापाबद्दल बोलता येईल.